ब्रेक दाबला की गाडी थरथरते? डिस्क बदलण्याआधी एवढं तपासा

ऐंशीच्या वेगात ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात थडथडतं. कधी सीट हादरते, तर कधी पायाखालचं पेडलच वरखाली होतं. आपल्याकडच्या कोणत्याही तालुक्याच्या गॅरेजात ही तक्रार सांगा, उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: "भाऊ, डिस्क बेंड झाली तुमची. नवी टाकून घ्या." नवी टाकली की गाडी छान थांबते. सोयाबीन निघेपर्यंत सगळं ठीक चालतं आणि कापसाची वेचणी रंगात येते तोवर पुन्हा तीच थरथर. मग दोष डिस्क बनवणाऱ्याला, नाहीतर रस्त्यांना.

डिस्क खराब होते हे खरंच आहे, पण ती आपोआप होत नाही. तिला खराब करणारं काहीतरी त्याच चाकात बसलेलं असतं. ते तसंच ठेवून नवी डिस्क लावली, तर तीही त्याच वाटेने जाते. म्हणून आधी ते शोधायचं कसं, आणि मग घरच्या अंगणात किंवा गावच्या मिस्त्रीकडून दुरुस्त कसं करून घ्यायचं, ते इथे क्रमाने सांगतो. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली छोटी गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे, कारण गावाकडे त्याच जास्त.

थरथर येते कुठून

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची तबकडी. ती हबवर, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं त्या मधल्या भागावर, अगदी सपाट बसायला हवी. हबच्या तोंडावर गंजाचा पापुद्रा किंवा वाळलेल्या मातीचा कण अडकला, तर ती किंचित तिरपी बसते आणि फिरताना आत-बाहेर डुलते. मिस्त्री याला रनआउट म्हणतात. बहुतेक गाड्यांत ही डुलणी ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आत असावी लागते. वहीचा एक कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे एवढीशी चूकही हद्दीवर गेली.

एवढ्या डुलण्याने लगेच काहीच जाणवत नाही, कारण कॅलिपर (पिस्टनच्या जोराने दोन्ही बाजूंचे पॅड डिस्कवर दाबणारा भाग) आपल्या पिनांवर सरकतो आणि डिस्कबरोबर आत-बाहेर होत राहतो. खरा घोळ पुढे होतो. ब्रेक न दाबता गाडी चाललेली असते तेव्हा दर फेरीला डिस्कचा तोच उंच भाग पॅडला घासून जातो. हजारो किलोमीटर हेच चाललं की तेवढ्या जागी डिस्क पातळ होते. जाडीतला हा फरक ०.०२ मिलिमीटरच्या आसपास पोचला की ब्रेक दाबल्यावर पिस्टन दर फेरीला आत-बाहेर ढकलला जातो, ब्रेक ऑइलचा दाब कमी-जास्त होतो, आणि तो धक्का पेडलमध्ये आणि स्टिअरिंगमध्ये येतो. चाक किंवा डिस्क काढल्या-लावल्यानंतर कित्येक महिन्यांनी थरथर सुरू होते ती यामुळे. तोवर त्या दिवशी नट कोणी आणि कसे कसले होते, हे कोणाच्या लक्षातही नसतं.

दुसरं कारण उष्णतेचं. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तिथून परतवाड्याकडे उतरताना, किंवा बुलढाण्याहून मलकापूरकडे राजूर घाटातून उतरताना, कोणी गाडी चौथ्या गियरमध्ये ठेवून नुसत्या ब्रेकवर उतरवली तर डिस्क भयंकर तापते. खाली आल्यावर चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून पाय ब्रेकवरच ठेवला, की तापलेल्या पॅडचा थर तेवढ्या जागी डिस्कला चिकटतो. तिथे तो जाड ठसा राहतो आणि पुढे दर फेरीला जाणवतो. अशी डिस्क मुळात सरळच असते.

तिसरं कारण मागचा ड्रम अंडाकृती होणं. आणि चौथं म्हणजे लोअर आर्मचे (चाकाला चेसिसशी जोडणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश, बॉल जॉईंट, बेअरिंग यांची झीज. हे भाग स्वतः थरथर निर्माण करतात असं क्वचितच होतं, पण ब्रेकमधली बारीकशी थरथर ते मोठी करून स्टिअरिंगपर्यंत पोचवतात.

पाना काढण्याआधी गाडी चालवून बघा

पहिला प्रश्न: ब्रेक न दाबता गाडी थरथरते का? ७० ते ९० च्या दरम्यान स्टिअरिंग आपोआप हलत असेल आणि वेग बदलला की थांबत असेल, तर ब्रेकला हात लावू नका. तो चाकाच्या बॅलन्सिंगचा विषय आहे. बॅलन्सिंगला पैसे देण्याआधी रिमच्या आतल्या बाजूला मात्र डोकावून बघा. पांदण रस्त्याने वावरात जाऊन आलेल्या गाडीच्या रिममध्ये काळी माती चिकटते, वाळली की घट्ट होते, आणि एका बाजूला पावभर माती बसली तरी चाकाचा तोल जातो. वॉशिंग सेंटरवाला बाहेरची रिम चकचकीत करून देतो, आतली बाजू तशीच राहते. लाकडी काडीने किंवा जुन्या उलथन्याने खरवडून काढा. टायरला कुठे फुगवटा आहे का, तेही याच वेळी हात फिरवून बघून घ्या.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येत असेल, तर ती कुठे येते ते बघायचं. त्यासाठी सरळ, कोरडा, मोकळा रस्ता हवा. समृद्धी महामार्गावर १२० ची मर्यादा असल्याने तिथे ही थरथर अगदी उघडी पडते, पण म्हणून चाचणी तिथे करू नका. मागून येणाऱ्याला तुम्ही का थांबता आहात ते कळत नाही. सकाळी गुरं रस्त्यावर येण्याआधी गावाबाहेरचा रस्ता पुरेसा असतो. ८० वर जाऊन हलका ब्रेक धरा, मग पुन्हा वेग घेऊन थोडा जोराचा.

स्टिअरिंग थरथरलं तर बहुतेक पुढची चाकं. स्टिअरिंग शांत, पण सीट आणि फ्लोअर हादरलं तर संशय मागच्या ड्रमवर. पेडल पायाला ढकलत असेल तर डिस्कच्या जाडीत फरक पडलाय किंवा ड्रम गोल राहिलेला नाही. हा नियम शंभर टक्के नाही, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं.

मागच्या ड्रमची खात्री हँडब्रेकने करता येते, कारण ओढायचा साधा हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर चालतो. मोकळ्या कोरड्या रस्त्यावर ३०-४० च्या वेगात हँडब्रेकचं बटण दाबूनच ठेवा आणि लिव्हर सावकाश वर घ्या. बटण दाबलेलं असलं की क्षणात सोडता येतो. गाडी झटके देत थांबली तर दोष मागे आहे. सरळ थांबली तर पुढे बघा. वळणावर, ओल्या रस्त्यावर किंवा गिट्टीवर हे करू नका, मागचा भाग फिरतो. इलेक्ट्रिक हँडब्रेकच्या गाडीत तर करूच नका.

एक गोष्ट इथेच वेगळी काढली पाहिजे. २०१९ नंतरच्या नव्या गाड्यांना एबीएस (जोराच्या ब्रेकला चाकं जागीच अडकू न देणारी यंत्रणा) असतंच, आणि सैल गिट्टीवर किंवा रस्त्यावर पसरलेल्या सोयाबीनच्या कुटारावर जोरात ब्रेक मारला की पेडल घर्रर्र करतं. ती एबीएसची नेहमीची चाल आहे, बिघाड नाही. मात्र कोरड्या डांबरावर, हलक्या ब्रेकला, गाडी थांबता थांबता शेवटच्या दहाच्या वेगात तसंच घर्रर्र झालं, तर चाकाजवळच्या एबीएस सेन्सरवर किंवा त्याच्या दातेरी रिंगवर माती-गंज बसलाय असं समजा. तिथे डिस्क बदलून काहीही होणार नाही.

शेवटची चालती चाचणी उष्णतेची. आठ-दहा किलोमीटर चालवा, शेवटचे एक-दोन किलोमीटर शक्यतो ब्रेक न वापरता गाडी आपोआप मंदावू द्या. उतरून पुढच्या दोन्ही रिमजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. एक बाजू कोमट आणि दुसरी तापलेली असेल, तर तापलेल्या बाजूचा कॅलिपर जाम आहे. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो तेव्हा उन्हाच्या बाजूची रिम तशीही गरम असते, म्हणून हे भल्या सकाळीच करा.

गाडी उचलताना

काळ्या मातीत जॅक रुततो. अंगण शेणाने सारवलेलं, दिसायला घट्ट असलं तरी खालची जमीन तीच. जॅकखाली जाड लाकडी फळी ठेवा, विरुद्ध बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, आणि जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करून मग गाडी उचला. उचलल्यावर नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. चेसिसच्या मजबूत जागेखाली स्टँड किंवा लाकडाचा भरीव ठोकळा द्या, आणि काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. रचलेल्या विटा नकोत, भाराने फुटतात.

चाक काढण्याआधी ते हाताने हलवून बघा. वर-खाली धरून हलवल्यावर खडखड आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉईंट, डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर आली तर टाय रॉडचं टोक. चाक फिरवून कान द्या, घरघर आली तर बेअरिंग. मग सब्बल लोअर आर्म आणि चेसिसच्या मध्ये घालून हलकेच दाबा. बुशचं रबर फाटलेलं असेल आणि आर्म सैल हलत असेल तर ते आधी बदलायचं. अशा गाडीत ब्रेकचं काम कितीही नीट केलं तरी समाधान होत नाही.

डिस्क वाचणं

चाक निघालं की डिस्क समोर येते. बोटाने नव्हे, डोळ्याने सुरुवात करा. निळसर डाग म्हणजे ती फार तापलेली होती. पॅडच्या आकाराचा गडद ठसा म्हणजे थर चिकटलाय. कडेला उंच कंगोरा म्हणजे झीज बरीच झाली. मधून कडेपर्यंत जाणारी चीर दिसली तर पुढचं काही वाचायची गरज नाही, ती डिस्क बाद.

पॅडही बघा. आतला पॅड संपत आलेला आणि बाहेरचा निम्मा शिल्लक, किंवा एकच पॅड तिरपा झिजलेला, म्हणजे कॅलिपर पिनांवर सरकत नाही. पावसाळ्यात नाल्याच्या पाण्यातून गेलेल्या गाड्यांत हे फार दिसतं. पिनेच्या रबरी टोपीला बारीक चीर पडते, गाळाचं पाणी आत जातं आणि पिन गंजून बसते.

आता मोजमाप. डिस्कवर, बहुतेक मधल्या भागावर किंवा कडेवर, कमीत कमी जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. मायक्रोमीटरने बाहेरच्या कडेपासून साधारण एक सेंटिमीटर आत, गोलात आठ ठिकाणी जाडी मोजा आणि खडूने तिथेच लिहा. साधा व्हर्निअर कडेच्या कंगोऱ्यावर अडकतो आणि डिस्क आहे त्याहून जाड दाखवतो, त्याच्यावर विसंबू नका. आठ आकड्यांत सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान यांत ०.०२ पेक्षा जास्त फरक असेल, तर थरथरीचं कारण हातात आलं.

डुलणी मोजायला डायल गेज (बारीक हालचाल काट्याने दाखवणारं माप) लागतो. गावातल्या गॅरेजात तो नसतो, पण तालुक्याच्या लेथवाल्याकडे चुंबकाच्या स्टँडसकट असतो आणि ओळखीत अर्ध्या दिवसासाठी मिळतो. चाक काढल्यावर डिस्क हबवर सैल असते, म्हणून आधी सगळे चाकाचे नट जाड वॉशर घालून सारखे कसा, मग गेजचं टोक कडेपासून एक सेंटिमीटर आत लावा आणि डिस्क हळूहळू एक फेरा फिरवा. काटा किती फिरला ती डुलणी. स्ट्रटला, म्हणजे चाकामागच्या उभ्या शॉकॲब्सॉर्बरला, तार बांधून तिच्या टोकाने बघणारेही आहेत, पण ०.१ मिलिमीटर डोळ्याला दिसत नाही. तारेने फक्त धक्का लागून खरोखर वाकलेली डिस्क किंवा हब पकडता येतो.

डुलणी जास्त आली तर लगेच निकाल देऊ नका. हब आणि डिस्कवर समोरासमोर खडूची खूण करा, जिथे काटा सगळ्यांत वर गेला ती जागा लिहा, आणि डिस्क काढून एक बोल्ट पुढे फिरवून लावा. पुन्हा मोजा. उंच जागा डिस्कबरोबर सरकली तर दोष डिस्कचा. ती हबच्या जुन्याच जागी राहिली तर दोष हबचा, म्हणजे बहुतेक गंज किंवा माती. असं फिरवून लावताना एखाद्या जागी हबची आणि डिस्कची चूक एकमेकींना मारते आणि डुलणी हद्दीत येते. तेवढ्यावर काम भागलं तर डिस्क तिथेच राहू द्या.

दुरुस्ती, आणि ती याच क्रमाने

ब्रेकची धूळ फुंकून उडवू नका, जुन्या पॅड-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसा किंवा ब्रेक क्लीनरचा फवारा मारा, आणि तोंडाला दुपट्टा बांधा.

कॅलिपर काढला की तो रबरी पाइपवर लोंबकळत ठेवायचा नाही. तारेने स्प्रिंगला बांधा. बहुतेक छोट्या गाड्यांत १२, १४ आणि १७ च्या पान्यांत हे सगळं निघतं. डिस्क हबला चिकटून बसली असेल तर हातोड्याने पुढून ठोकू नका. बऱ्याच डिस्कला आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बरोबर बसणारे बोल्ट दोन्हीकडून सारखे कसत गेलं की डिस्क आपोआप सुटते.

पहिलं काम हबचं, आणि सगळ्यांत जास्त वेळ इथेच द्या. तारेचा ब्रश आणि एमरी पेपर घेऊन हबचं तोंड चकाकेपर्यंत घासा. बोल्टच्या बुडाशी गोल गोल गंज बसलेला असतो, ब्रश तिथे पोचत नाही. जुन्या पाइपच्या तुकड्याला एमरी गुंडाळून तो बोल्टवर बसवा आणि फिरवा. तसंच डिस्कच्या आतल्या तोंडाचं आणि रिम जिथे टेकते त्या जागेचं. हात फिरवल्यावर बोटाला कुठेही खरखर लागू नये. वर ग्रीस थापू नका. घासून झालं की डिस्क पुन्हा लावून गेजने मोजा. कित्येक गाड्यांत ०.१५ ची डुलणी नुसत्या या घासण्याने हद्दीत येते.

दुसरं काम पिनांचं. दोन्ही पिना बाहेर काढा, पण कोणती वर आणि कोणती खाली ते आधी लिहून ठेवा, काही गाड्यांत त्या वेगळ्या असतात. पुसून साफ करा, खड्डे पडले असतील तर नव्या घ्या. फाटलेली रबरी टोपी बदलाच. ग्रीस सिलिकॉनचं लागतं. बेअरिंगचं पिवळं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि पिन दोन महिन्यांत पुन्हा जाम. पॅड ज्या खाचेत सरकतात तिथला गंज कानसीने काढा. पॅड हाताने सहज सरकला पाहिजे.

पिस्टन मागे ढकलताना बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीकडे लक्ष ठेवा. ऑइल वर येतं आणि सांडलं तर रंग खातं, लगेच पाणी ओता. पिस्टन सी-क्लॅम्पने सुद्धा हलत नसेल तर तो आतून गंजलाय. ते काम घरी करायचं नाही.

आता डिस्कचं काय? नुसता पॅडचा ठसा असेल आणि जाडी सारखी असेल, तर १२० नंबरच्या एमरीने दोन्ही बाजू गोलाकार घासा. जाडीत फरक असेल पण कमीत कमी जाडीच्या वर भरपूर माल शिल्लक असेल, तर लेथवर टर्न करता येते, म्हणजे वरचा थर सोलून सारखी करता येते. लेथवाल्याला सांगा की धरताना मधलं भोक आणि हबला टेकणारं तोंड हाच आधार घ्या. नाहीतर तो तोंड न घासता डिस्क तशीच चक्कमध्ये धरतो आणि मग टर्न केलेली डिस्क आधीपेक्षा जास्त डुलते. टर्न झाल्यावरची जाडी कोरलेल्या आकड्याच्या जवळ जात असेल तर त्या नादी लागू नका, नवीच घ्या. माझं मत विचाराल तर छोट्या गाडीच्या साध्या, भरीव डिस्कला टर्निंगचा खटाटोप फारसा परवडत नाही. मधे हवेच्या फटी असलेल्या जाड डिस्कला परवडतो. काहीही करा, डाव्या-उजव्या दोन्हींचं एकदम करा. नवी डिस्क आली की तिच्यावरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पूर्ण काढायचं. डिझेलने धुवू नका. त्याची ओल पॅडमध्ये शिरली की पॅड गेला.

मागच्या ड्रमला एवढं सोपस्कार नाहीत. हँडब्रेक सोडा, ड्रम काढा, आतली धूळ पुसा. ड्रमवर जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, त्याच्या आत राहून लेथवर टर्न होतो. व्हील सिलिंडरच्या टोपीखाली ओल दिसली तर गळती आहे, ती आधी. आणि घाट उतरल्यावर तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक कचकन ओढून ठेवायची सवय असेल तर सोडा. अशा वेळी गाडी गियरमध्ये ठेवून चाकाला दगड लावलेला बरा.

नट कसण्याची गोष्ट

सगळी मेहनत इथे वाया जाते. रिम डिस्कला हबवर दाबून धरते. एक नट जास्त आणि शेजारचा कमी कसला की डिस्क ताणली जाते आणि नव्याने डुलायला लागते. हवेच्या गनने टर्रर्र करून कसणारा किंवा पान्यावर पाय देऊन उभा राहणारा, दोघंही सारखेच. हिशेब बघा. ७० किलोचा माणूस ४० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की नटवर सुमारे २७५ न्यूटन-मीटर जोर पडतो. बहुतेक छोट्या गाड्यांना ८५ ते १२० एवढाच लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो.

टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोरावर नट कसणारा पाना) असेल तर उत्तम. नसेल तर आपल्या घरात कापूस मोजायचा लटकता काटा असतोच, तो घ्या. गणित सोपं आहे: पुस्तकातल्या न्यूटन-मीटरला ९.८ ने भागा आणि आलेल्या आकड्याला पान्याच्या मीटरमधल्या लांबीने भागा, किती किलो ओढायचं ते मिळतं. १०० न्यूटन-मीटर आणि ३० सेंटिमीटरचा पाना असेल तर ३४ किलो. ४० सेंटिमीटरचा असेल तर साडेपंचवीस. लांबी नटच्या मध्यापासून काट्याचा हुक जिथे अडकतो तिथपर्यंत मोजायची.

पाना नटवर आडवा बसवा, त्याची दांडी तुमच्या डाव्या हाताला राहील असा. हुक घसरू नये म्हणून दांडीच्या टोकाला सुतळीचे दोन वेढे द्या, हुक त्यात अडकवा आणि काटा सरळ वर ओढा. तिरपा ओढला तर आकडा खोटा येतो. काट्यावर ३४ दिसले की थांबा. नट फिरत असताना दांडी वर जाते, मग पाना काढून पुन्हा आडवा बसवायचा. एकाने ओढावं, दुसऱ्याने आकडा वाचावा. आट्यांवर तेल-ग्रीस लावू नका, त्याने तेवढ्याच जोरात नट जास्त कसला जातो.

क्रमही महत्त्वाचा. गाडी उचललेली असतानाच सगळे नट हाताने बसवा, मग पान्याने हलके, समोरासमोरचे एकेक. चाक जमिनीला टेकलं की निम्म्या जोरावर एक फेरी, पुन्हा समोरासमोर, आणि मग पूर्ण जोरावर दुसरी. शंभर किलोमीटर झाल्यावर गार चाकावर एकदा तपासून घ्या.

गाडी हलवण्याआधी

ब्रेक पेडल पंपासारखं दाबा, कडक लागेपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिले काही दाब रिकामे जातात. हे न करता गियर टाकला तर गाडी समोरच्या भिंतीलाच थांबेल. ऑइलची पातळी बघा, गळती बघा, मग अंगणातच दोन-तीनदा थांबवून बाहेर काढा.

नवे पॅड किंवा घासलेली-नवी डिस्क असेल तर ती बसवून घ्यावी लागते. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत मध्यम ब्रेक, पूर्ण न थांबता, पुन्हा वेग, असं आठ-दहा वेळा. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक कमीत कमी वापरत चालवा, म्हणजे गार होईल. या काळात ब्रेक दाबून उभं राहिलात तर तोच जुना ठसा नव्या डिस्कवर. पुढचे दोन-तीनशे किलोमीटर कचकचून ब्रेक टाळा.

एवढं करूनही थरथरली तर

चाकांची अदलाबदल करून बघा, पुढची मागे. थरथर जागा बदलली तर टायर किंवा रिम. नाही बदलली तर हबचं तोंडच वाकडं असेल. खोल खड्ड्यात जोराचा दणका बसलेल्या गाडीत ते होतं, आणि मग हब-बेअरिंग बदलावं लागतं. फक्त तापल्यावरच थरथर येत असेल आणि गार असताना नसेल, तर पॅडच्या दर्जाकडे संशयाने बघा.

पेडल मऊ लागणं, तळाला जाणं, लाल ब्रेक दिवा पेटणं, चाकाच्या आतल्या बाजूला ऑइलची ओल, यातलं काही असेल तर वरचं काहीही करत बसू नका. गाडी चालवत नेण्याऐवजी मिस्त्रीला घरी बोलवा. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढतं. डॉट-३ ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, ओल धरल्यावर १४० च्या आसपासच, आणि घाटात तेवढी उष्णता सहज होते. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, मग गाडी कितीही कमी चाललेली असो.

गॅरेजातच काम करून घ्यायचं असेल तर मिस्त्रीशी वाद घालायची गरज नाही. "दादा, डिस्क बदलायचीच तर बदलू, पण आधी जाडी मोजून दाखवा आणि हब घासून घ्या. नट मी काट्याने कसतो," एवढं म्हणा. काही जण हसतील. ज्याला काम कळतं तो मायक्रोमीटर काढेल.

राहिला रोजचा वापर. घाट दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये उतरा आणि खाली पोचल्यावर एक-दोन किलोमीटर गाडी चालती ठेवा. तापलेल्या डिस्कवर लगेच वॉशिंग सेंटरचा गार फवारा मारू देऊ नका. नाल्यातून पाणी उडवत गेलात तर पुढे थोडं अंतर ब्रेक हलका धरून डिस्क कोरडी करा. पेरणीच्या दिवसांत गाडी पंधरा-पंधरा दिवस कोठ्याशेजारी उभी राहते, तेव्हा पॅडखालची जागा सोडून बाकी डिस्क गंजते. आठवड्यातून एकदा फाट्यापर्यंत नेऊन आणली तरी पुरतं. आणि पंक्चर काढून आलात की घरी येऊन त्या एका चाकाचे सगळे नट ढिले करून काट्याने पुन्हा कसा.